हिरवळ पिवळी का पडली?
लोह, चुनखडी आणि आमच्या प्रांगणातील एक अनुभव

सभागृहासमोरची दहा गुंठ्यांची हिरवळ कोणी आणि कशी तयार केली, हे माजी विद्यार्थ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. उंचसखल मुरमाड जागा कुदळींनी सपाट करणे, ओढ्याकाठची काळी माती घमेल्यांनी वाहून आणणे, हरळीचे तुकडे वेचून ते चार-चार बोटांच्या अंतराने लावणे ही सर्व कामे पहिल्या तुकड्यांनी श्रमदानातून केली. त्यांतील अनेकजण आज आपल्या पाल्यांना भेटण्यासाठी पालक म्हणून येतात आणि त्याच हिरवळीवर बसून घरचा डबा उघडतात. सायंकाळची वंदना आटोपली की थोरले विद्यार्थी धाकट्यांचे पाढे घेतात तेही येथेच. म्हणून ही हिरवळ पिवळी पडू लागली तेव्हा ती केवळ बागकामाची बाब उरली नाही.

प्रारंभी रंग किंचित फिका झाला. पुढे कडेचे पट्टे लिंबाच्या सालीसारखे पिवळे दिसू लागले, आणि तिसऱ्या वर्षी मधला भाग जवळजवळ पांढुरका झाला. भेटीस येणारे विचारत, "पाणी देत नाही का?" काहींनी स्पष्टच सांगितले, की पूर्वीसारखी निगा आता राहिलेली नाही. आम्ही पाणी वाढविले, युरिया दिला, गवत अधिक वेळा कापले. उपयोग झाला नाही. युरियानंतर तर गवत वाढले आणि अधिकच फिके दिसू लागले. अखेरीस ही हिरवळ काढून तेथे पेव्हर ब्लॉक बसवावेत, असा प्रस्ताव बैठकीत आला. तो अव्यवहार्य होता असे म्हणता येणार नाही. एक वर्षाची मुदत मागून आम्ही कारण शोधण्याचे काम हाती घेतले.

त्या वर्षात जे शिकलो ते येथे मांडत आहोत. हेतू केवळ हिरवळीचा वृत्तांत देण्याचा नाही. हाच पिवळेपणा आमच्या अनेक पालकांच्या शेतात भुईमुगावर, उसावर, भाताच्या रोपवाटिकेत दिसतो. त्यावर दरवर्षी पैसा खर्च होतो, आणि पुष्कळदा तो चुकीच्या औषधावर होतो.

पिवळेपणा एक, कारणे अनेक

गवत पिवळे पडण्याला एकच कारण नसते. नत्र कमी पडले, मुळांशी पाणी साचले, माती पायांखाली तुडवून घट्ट झाली, हुमणीने मुळे खाल्ली, बुरशी आली किंवा यंत्राने गवत फारच खाली कापले, तरी दुरून पाहणाऱ्याला रंग एकच दिसतो. त्यामुळे उभे राहून पाहण्यापेक्षा खाली बसून पान हातात घेणे हे पहिले काम होय.

पान हातात घेतल्यावर दोन प्रश्न विचारावेत. पहिला, आधी कोणते पान पिवळे झाले, जुने की नवे? नत्र हे वनस्पतीच्या शरीरात सहज फिरणारे द्रव्य आहे. त्याची चणचण भासली की वनस्पती जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या पानांकडे पाठविते; म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. एकदा ज्या पानात ते गेले तेथून ते फारसे हलत नाही. त्यामुळे लोह कमी पडले की जुने पान हिरवे राहते आणि नवे पान पिवळे जन्मते.

दुसरा प्रश्न, पिवळेपणा सर्व पानभर सारखा आहे, की शिरांच्या मधोमध आहे? लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्यामधला भाग फिका होतो. गवताच्या पानात शिरा समांतर असल्याने हिरव्या-पिवळ्या उभ्या रेषा दिसतात. उन्हाकडे पान धरले की त्या स्पष्ट होतात. कमतरता तीव्र झाली की शिराही फिक्या पडतात आणि पान पांढरट होते. केवड्याच्या कणसासारखा हा रंग पाहूनच शेतकरी "केवडा पडला" असे म्हणतात.

आमच्या हरळीची कोवळी पाती रेषांची होती, जुनी हिरवी होती. तीन वर्षे आम्ही नत्र देत होतो, आणि पान मात्र दुसरेच काही मागत होते.

लोह पानात काय करते

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. या हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते; त्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. परंतु ते तयार होण्याच्या प्रक्रियेतील महत्त्वाच्या पायऱ्या लोहावाचून पूर्ण होत नाहीत. शिवाय सूर्यप्रकाशातून ऊर्जा पकडून ती पुढे नेणाऱ्या यंत्रणेतही लोह लागते. गवंडी भिंत बांधतो, पण भिंतीत गवंडी नसतो. तसेच काहीसे हे आहे. लोह कमी पडले की नवे हरितद्रव्य बनत नाही, पान अन्न तयार करू शकत नाही, मुळे दुबळी होतात, आणि दुबळी मुळे आणखी कमी लोह घेतात. पिवळे गवत तुडवले गेले की पुन्हा उभे राहत नाही, याचे कारण हेच.

लोहाशी या रोगाचा संबंध फार पूर्वी उघड झाला. १८४० च्या दशकात फ्रान्समधील युझेब ग्री या रसायनशास्त्रज्ञाने पिवळ्या पडलेल्या वनस्पतींच्या पानांवर लोहक्षाराचे पातळ द्रावण लावून पाहिले आणि पाने हिरवी होतात हे दाखवून दिले. आज आपण जी फवारणी करतो तिचे मूळ तेथे आहे.

मातीत सहा टन, तरी गवत उपाशी

येथे एक शंका स्वाभाविक आहे. आपली जमीन बेसॉल्ट खडकापासून झालेली, तो खडक लोहाने समृद्ध. पावसाळ्यात ओढ्याला तांबूस पाणी येते. मग लोह कमी कसे?

आम्ही विद्यार्थ्यांना फळ्यावर हिशेब करायला लावला. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला तर तेथील मातीचे वजन सुमारे २०० टन भरते. मातीतील एकूण लोह तीन टक्के जरी धरले तरी ते सहा टन होते. दुसरीकडे, वनस्पतीला घेता येण्याजोगे लोह प्रयोगशाळा वेगळे मोजते. त्याची किमान मर्यादा साधारणपणे एक किलो मातीत ४.५ मिलिग्रॅम मानली जाते. त्या हिशेबाने संपूर्ण हिरवळीखाली उपलब्ध लोह एक किलोदेखील नसले तरी काम भागते. सहा टनांपैकी एक किलो सुद्धा गवताच्या हाती लागत नव्हते, हा खरा प्रश्न होता.

याचे उत्तर मातीच्या सामूत आहे, ज्याला प्रयोगशाळेत पीएच म्हणतात. सात हा उदासीन अंक. त्याखाली माती आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळणारे फेरिक लोह सुमारे हजार पटींनी घटते. आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो. अशा मातीत लोह गंजाच्या रूपात पडून राहते. खिळ्यावरचा गंज चाटून कोणाची भूक भागत नाही, तशीच गवताची स्थिती होते.

चुनखडी ओळखणे सोपे आहे. मातीचे सुके ढेकूळ घेऊन त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येऊन फसफसले तर चुना आहे. हा प्रयोग सातवीच्या विद्यार्थ्यांनी हिरवळीच्या चारही कोपऱ्यांत केला, आणि चारही ठिकाणची माती फसफसली.

मानवी शरीराच्या बाबतीतही असेच घडते. ताटात लोहयुक्त पालेभाजी असली तरी जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातील लोह शरीरात कमी शोषले जाते. तेच भाजीवर लिंबू पिळले तर अधिक शोषले जाते. असणे आणि मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गवत स्वतःही प्रयत्न करते

वनस्पती या अडचणीपुढे हात टेकत नाहीत. गवत कुळातील वनस्पतींची लोह मिळविण्याची रीत स्वतंत्र आहे. त्यांची मुळे मातीत एक विशिष्ट द्रव्य सोडतात. ते गंजातील लोहाला चिमट्यासारखे पकडते, आणि लोहासह ते द्रव्य मुळे पुन्हा आत ओढून घेतात. जपानमधील ताकागी या शास्त्रज्ञाने १९७६ साली ओट व भात यांच्या मुळांच्या धुवणात अशी द्रव्ये आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी प्रमुख द्रव्याला म्युगिनेइक आम्ल म्हणतात. जपानी भाषेत 'मुगी' म्हणजे सातू, त्यावरून हे नाव आले. सातू हे द्रव्य पुष्कळ सोडतो, भात फार थोडे. म्हणूनच चुनखडीच्या जमिनीत सातू तग धरतो आणि भाताची रोपे पिवळी पडतात.

आमची हरळी तशी काटक. रस्त्याकडेला, बांधावर, दगडांच्या फटीत ती कोणी न विचारता हिरवी असते. मग आमच्याच प्रांगणात तिची शक्ती का संपावी? पहिली अनेक वर्षे माती तीच होती आणि चुनाही तोच होता. तरीही हिरवळ हिरवी होती. तेव्हा मधल्या काळात काय बदलले, हे पाहणे भाग होते.

आमची चूक

बदलले होते पाणी. दुष्काळाच्या वर्षी विहीर आटली तेव्हा आम्ही वसतिगृहाच्या न्हाणीघरांचे व कपडे धुण्याच्या ओट्याचे सांडपाणी चर खणून हिरवळीकडे वळविले. पाण्याचा थेंबही वाया जाऊ न देण्याची ही योजना आम्हाला अभिमानास्पद वाटत होती आणि पाहुण्यांनाही आम्ही ती कौतुकाने दाखवीत असू. पुढे विहिरीला पाणी आले, तरी चर तसाच राहिला. विहिरीऐवजी खोल कूपनलिकेचे पाणीही आले.

कपडे धुण्याच्या साबणात व पावडरीत सोडा असतो. ते पाणी विम्लधर्मी असते. खोल कूपनलिकेचे पाणी आमच्या भागात जड आहे. त्यात बायकार्बोनेट पुष्कळ. तांब्याच्या बंबात आणि चहाच्या पातेल्यात जी पांढरी खर बसते ती त्याचीच साक्ष. असे पाणी रोज दिले की गवत पाणी पिते, ऊन उरलेले पाणी उडवून नेते, आणि चुना व सोडा मातीत मागे राहतो. बायकार्बोनेटमुळे मुळांभोवतीचा सामू खाली येत नाही आणि मुळांचे लोह घेण्याचे काम अडते. त्यात आम्ही पिवळेपणा पाहून पाणी वाढविले. सतत ओल्या, तुडविलेल्या मातीत हवा खेळत नाही. मुळांच्या श्वासातून निघणारा कर्बवायू कोंडून राहतो आणि चुन्याच्या जमिनीत त्यातूनच आणखी बायकार्बोनेट तयार होते. म्हणजे आम्ही जो उपाय समजत होतो तोच रोग वाढवीत होता.

हिरवळीचा सर्वांत पिवळा पट्टा चराच्या तोंडापासून सुरू होत होता. तीन वर्षे तो डोळ्यांसमोर असून आम्हाला दिसला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

तीन चौकटींची परीक्षा

तर्क पटला तरी त्याची पडताळणी करणे आवश्यक होते. त्यासाठी पुढील पद्धत कोणालाही, अंगणात किंवा शेतात, करता येईल.

पिवळ्या भागात एकेक चौरस मीटरच्या तीन चौकटी सुतळीने आखाव्यात. पहिलीवर हिराकसाचे पातळ द्रावण फवारावे, दुसरीवर युरियाचे, तिसरीवर नुसते पाणी. आठ दिवस तिन्हींना सारखेच वागवावे. लोहाची उणीव असेल तर पहिली चौकट हिरवी होते. नत्राची असेल तर दुसरी होते. काहीच बदलले नाही तर कारण पाण्याचा निचरा, कीड किंवा रोग यांत शोधावे. मूठभर साहित्यात आठवड्याभरात उत्तर मिळते.

आमच्याकडे चौथ्या दिवशी पहिली चौकट इतकी ठळक हिरवी झाली, की विद्यार्थ्यांनी तिच्याभोवती विटा मांडून ठेवल्या. त्याच सुमारास मातीचा नमुना तपासणीस दिला. सामू आठच्या वर आणि उपलब्ध लोह मर्यादेच्या खाली आले. याविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना घेताना गंजलेले खुरपे किंवा लोखंडी घमेले वापरू नये. त्याचाच गंज मोजला जातो. आमचा पहिला नमुना याच कारणाने टाकून द्यावा लागला. तसेच नेहमीच्या माती परीक्षणात लोह असेलच असे नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी हवी असे सांगून ती करून घ्यावी.

हिराकसाची फवारणी

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. याचे फिकट हिरवे खडे असतात व त्यात सुमारे वीस टक्के लोह असते. हिरडा आणि हिराकस यांच्या योगाने काळा रंग करण्याची रीत जुन्या रंगाऱ्यांना ठाऊक होती. खतांच्या दुकानात ते स्वस्तात मिळते. घेताना खडे हिरवे आहेत हे पाहावे. तपकिरी, पिवळट झालेल्या मालातील लोह हवेने गंजलेले असते आणि त्याचा उपयोग थोडाच होतो.

आम्ही अर्धा टक्का द्रावण वापरतो. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातील लिंबूसत्त्व, लागते. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवावे आणि नंतर हिराकस टाकावे. लिंबूसत्त्वामुळे पाण्याचा सामू उतरतो आणि लोह विरघळलेले राहते. शक्य असेल तर साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे. जड पाण्यात द्रावण काही वेळात तांबूस, गढूळ होते. तसे झाले तर त्यातील लोह पंपातच गंजले असे समजावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी आम्ही एकदा वापरून पाहिले आणि फसलो. त्यात क्षार अधिकच असतात.

द्रावण करावे आणि त्याच दिवशी संपवावे. फवारणी ऊन उतरल्यावर करावी. भर दुपारी केल्यास पाती करपतात. एका पंपात साधारण दीड गुंठा गवत पातळ धुक्यासारखे भिजावे. चोवीस तास गवत धुतले जाऊ नये व कापले जाऊ नये, म्हणून कापणी आदल्या दिवशी उरकावी. प्रमाण वाढविण्याचा मोह टाळावा. लोह अधिक झाले की गवत काळपट, राखी दिसू लागते आणि टोके जळतात.

संपूर्ण हिरवळीला एका वेळी सुमारे अर्धा किलो हिराकस पुरते. त्यातील लोह शंभर ग्रॅमच्या आसपास. मुळांखाली सहा टन असताना पानावर दिलेल्या शंभर ग्रॅमने रंग पालटतो, कारण ते चुन्याच्या तावडीत न सापडता थेट पानात जाते.

मात्र हा रंग टिकत नाही. फवारलेले पान हिरवे होते. त्यातील लोह पुढच्या नव्या पानात जात नाही. गवत कापले की हिरवी टोके निघून जातात आणि खालून पुन्हा पिवळे पान येते. दोन-तीन आठवड्यांत हिरवळ पूर्वपदावर येऊ लागते. तोवर दहा-पंधरा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी लागते. फवारणीने वेळ मिळतो, आणि त्या वेळेत मूळ कारणावर काम करायचे असते.

मातीतून लोह द्यावे का?

हिराकस मातीवर नुसते फेकले तर चुन्याच्या जमिनीत ते काही दिवसांतच गंजून निरुपयोगी होते. द्यायचेच असेल तर चांगल्या कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, आठ-दहा दिवस मुरवून द्यावे. खतातील सेंद्रिय द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. हेक्टरी २० ते २५ किलो, म्हणजे गुंठ्याला पाव किलो, इतके हिराकस पुरेसे होते.

बाजारात चिलेटेड लोहही मिळते. चिमट्यात पकडलेले लोह, असा त्याचा अर्थ. पण सर्व चिमटे सारखे बळकट नसतात. ईडीटीए प्रकारातील लोह फवारणीसाठी चांगले; मात्र चुन्याच्या मातीत ते लवकर सुटते. ईडीडीएचए प्रकारातील, गडद तांबडे दिसणारे लोह सामू आठच्या वर असतानाही टिकते, पण त्याची किंमत पुष्कळ असते. डब्यावर केवळ 'चिलेटेड' हा शब्द वाचून पैसे देऊ नयेत. कोणता प्रकार आहे हे विचारावे.

गंधक टाकून चुनाच संपवावा, असा सल्लाही आम्हाला मिळाला. मातीतील जिवाणू गंधकापासून आम्ल तयार करतात, हे खरे. विद्यार्थ्यांनी पुन्हा फळा गाठला. मातीत पाच टक्के चुनखडी आहे असे मानले तर एका चौरस मीटरच्या वरच्या थरात ती सुमारे दहा किलो भरते, आणि ती संपविण्यास तीन किलोहून अधिक गंधक लागते. दहा गुंठ्यांसाठी तीन टनांहून अधिक! जेथे चुना थोडा आहे तेथे गंधक उपयोगी पडेल. आमच्यासारख्या जमिनीत सामू बदलण्याचा हट्ट धरण्यापेक्षा त्या सामूत गवताला मदत करणे शहाणपणाचे, असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनीच काढला.

मूळ कारणावर उपाय

पहिले काम पाण्याचे. सांडपाणी वाया घालविणे आम्हाला मान्य नव्हते. कपडे धुण्याच्या ओट्याचे पाणी वेगळे करून ते आवाराच्या कडेच्या झाडांकडे वळविले, आणि अंघोळीचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून एक आड एक पाळीने देऊ लागलो. सभागृहाच्या छपरावरील पावसाचे पाणी टाकीत साठविले. ते फवारणीसाठी राखून ठेवतो. पावसाळ्यात पाट मोकळे ठेवून साचलेले क्षार धुऊन जाऊ दिले.

दुसरे काम मातीत हवा खेळविण्याचे. टोकदार पहारीने वीतभर अंतरावर भोके पाडणे हे रविवारचे श्रमदान झाले. रोज थोडे पाणी देण्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदा, खोलवर, असे पाणी देऊ लागलो.

तिसरे काम सेंद्रिय खताचे. आवारातील पालापाचोळा पूर्वी जाळला जात असे. आता त्याचे व स्वयंपाकघरातील भाजीच्या देठांचे कंपोस्ट होते. चाळलेले कंपोस्ट वर्षातून दोनदा, बोटाच्या पेराहून कमी जाडीचा थर, हिरवळीवर पसरतो. युरिया निम्म्याने कमी केला आणि डीएपी बंद केले, कारण स्फुरद अधिक झाल्यानेही लोह अडते. कापताना पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढत नाही.

परिणाम सांगताना अतिशयोक्ती नको. चराच्या तोंडाचा कोपरा अजूनही फिका आहे. बाकीची हिरवळ दोन पावसाळ्यांनंतर सावरली. पूर्वी वर्षभर फवारणी करावी लागे. आता उन्हाळ्याच्या अखेरीस एक-दोन वेळा करतो. पेव्हर ब्लॉकचा विषय पुन्हा बैठकीत आला नाही.

सावधगिरीच्या काही गोष्टी

निवासी विद्यालयात हे काम करताना काळजी अधिक घ्यावी लागते. हिराकस पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, गंभीर विषबाधा होऊ शकते. म्हणून ते कुलपात ठेवतो आणि मिसळण्याचे काम प्रौढ व्यक्तीच हातमोजे घालून करते. गवत पूर्ण वाळेपर्यंत त्यावर कोणी बसत नाही.

हिराकसाचे डाग पक्के असतात. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला थेंब दुसऱ्या दिवशी तांबूस होतो. त्यावर लिंबू व मीठ चोळून उन्हात ठेवावे. ब्लीचिंग पावडर लावू नये, त्याने डाग अधिक बसतो. फरशीवर उडालेले थेंब ओले असतानाच पाण्याने धुवावेत. पंपही वापरानंतर स्वच्छ करावा.

पालकांसाठी

भुईमुगावर किंवा उसावर कोवळी पाने रेषांनी पिवळी दिसली, तर युरियाची गोणी आणण्यापूर्वी पान हातात घेऊन पाहावे. मातीवर लिंबू पिळावे. शेताच्या एका कोपऱ्यात तीन चौकटी आखाव्यात. माती परीक्षण करून घ्यावे आणि पाणीही तपासावे. कारण आमच्या अनुभवात रोग पाण्यातून आला होता. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पिकानुसार फवारणीचे प्रमाण विचारून घ्यावे. ज्यांची मुले आमच्याकडे सातवी-आठवीत आहेत त्यांनी सुट्टीत त्यांनाच विचारावे. हिशेब त्यांना तोंडपाठ आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळवायची राहिली. सभागृहाच्या पायऱ्यांच्या शहाबादी फरशीवर आता तांबूस ठिपके दिसतील. पहिल्या फवारणीच्या वेळी थेंब धुण्याचे आम्ही विसरलो, त्याचे ते डाग आहेत. घासून पाहिले, जात नाहीत. यंदाच्या मेळाव्यास आल्यावर ते पाहून निगा राखली जात नाही असे कृपया समजू नये. पायऱ्या उतरून हिरवळीवर बसावे, आणि आपण लावलेल्या हरळीचे एक पाते उन्हाकडे धरून पाहावे.